शेवट माहीत आहे, तरी पुन्हा?

पत्र थोडक्यात:

पत्रलेखक ४७ वर्षांचे आहेत, पुण्यात राहतात, चाकणजवळच्या एका कारखान्यात नोकरी करतात. १९९७ साली मुंबईत इंजिनिअरिंगला असताना फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर त्यांना 'द व्हील ऑफ टाइम' या इंग्रजी फँटसी मालिकेचा पहिला खंड जुन्या पुस्तकांत सापडला. होस्टेलच्या खोलीतल्या मित्रालाही तो आवडला. पुस्तकं जाडजूड आणि खिसे रिकामे, म्हणून ठरलं की विषम क्रमांकाचे खंड यांनी घ्यायचे आणि सम क्रमांकाचे मित्राने. २००१ मध्ये कॉलेज संपलं तेव्हा नऊ खंड जमले होते. ज्याचे त्याने नेले. मित्र पुढे अमेरिकेला, न्यू जर्सीला गेला. २०१३ साली चौदावा, म्हणजे शेवटचा खंड आला, तेव्हा दोघं रात्रभर फोनवर बोलले. त्यानंतर भांडण-बिंडण काही न होता बोलणं कमी होत गेलं आणि २०१९ नंतर थांबलंच.

गेले आठ महिने पत्रलेखक ही सगळी मालिका पाचव्यांदा वाचत आहेत. दिवाळीत हौसेने आणलेली मराठी पुस्तकं कपाटात तशीच पडून आहेत. रात्री एकपर्यंत दिवा चालू असतो. बायको म्हणते, 'तुम्ही घरात असून नसल्यासारखे आहात.' १५ वर्षांच्या मुलाने विचारलं, 'बाबा, तुला शेवट माहितीये ना? मग?' त्याला उत्तर देता आलं नाही. ते विचारतात: ही पळवाट आहे का? माझं वाचन खुंटलंय का? हे बंद करावं का?

प्रिय वाचक,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा निसटलेली एक गोष्ट दुसऱ्यांदा दिसली. ती शेवटी सांगते. आधी तुमच्या मुलाच्या प्रश्नाकडे येते, कारण अख्ख्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न त्याचा आहे.

'शेवट माहितीये ना, मग?' असं विचारताना त्याने एक गोष्ट गृहीत धरली आहे, आणि उत्तर सुचलं नाही म्हणजे तुम्हीही ती मान्य करून टाकली आहे. ती अशी, की गोष्ट आपण शेवट कळावा म्हणून वाचतो. हे खरं आहे का?

माझी आजी दर श्रावणात 'पांडवप्रताप' लावायची. दुपारची जेवणं उरकली, मागचं आवरलं, की ती पोथी घेऊन बसायची. चष्म्याची एक काडी तुटलेली होती, तिच्या जागी काळा दोरा कानामागून बांधलेला असे. शेजारच्या तीन-चार बायका भिंतीला टेकून वाती वळत ऐकायच्या. अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला की वाती वळणारे हात थांबत. आता त्या बायकांना पुढचं ठाऊक नव्हतं का? तीस-चाळीस वर्षं ठाऊक होतं. तो आत जाणार आणि बाहेर येणार नाही, हे ठाऊक होतं म्हणूनच हात थांबत. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा जीव 'आता काय होणार' यात अडकलेला असतो. ती धाकधूक संपली की माणूस मोकळा होतो. मग त्याला उत्तरेचा चेहरा दिसतो, रथाचं चाक दिसतं, पोराला आत पाठवणाऱ्या वडीलधाऱ्यांची नजर दिसते.

या वाचनाला आपल्याकडे शब्द आहे, पारायण. पोथीबाहेरही आपण तो सर्रास वापरतो. 'त्या पुस्तकाची मी पारायणं केली आहेत' हे वाक्य आपल्या भाषेत कुणी खाली मान घालून म्हणत नाही. मग तुम्ही का घालताय?

तुमची मालिका मी वाचली आहे, तीही दोनदा. माझ्या भाच्याने पहिला खंड माझ्या हातात कोंबला होता. त्यामुळे तुमच्याशी बोलताना मला नुसतं 'वाचन म्हणजे वाचन' अशा गोलगोल भाषेत बोलावं लागणार नाही. बेलाचंच बघा. पहिल्या खंडात गावातून रातोरात पळ काढतात तेव्हा एग्वेन या मुलीकडे असते ती बेला, केसाळ, ठेंगणी, शेतावरची घोडी. बाकीच्यांचे घोडे चांगल्या जातीचे. नायक रँडला वाटतं, ही मागे पडणार. तो मनातल्या मनात जीव तोडून म्हणत राहतो की पळ, बेला, पळ. घोडी पोहोचते. मुक्कामावर त्यांना घेऊन निघालेली, जादू जाणणारी मोरेन घोड्यांचा शीण उतरवायला लागते, तर ही बेला ताजीतवानी! पहिल्या वाचनात आपण 'वा, चिवट आहे हो' म्हणतो आणि पान उलटतो. पुढच्या गावात रँड एकाएकी बेफाम वागायला लागतो, तेव्हा पोरकटपणा म्हणून सोडून देतो. त्यानंतर कितीतरी पानांनी मोरेन भलत्याच माणसाला सांगते, की एखाद्याच्या हातून नकळत पहिल्यांदा जादूची शक्ती वापरली गेली, की काही दिवसांनी ताप, कापरं किंवा असा बेभानपणा येतो. म्हणजे बेलाचा शीण रँडनेच नकळत उतरवला होता! ती रात्र, ती घोडी आणि हे बोलणं यांची गाठ पहिल्या वाचनात बहुतेकांना लागत नाही. दुसऱ्यांदा वाचताना बेलाचं नाव आलं आणि मी पुस्तक मांडीवर ठेवून नुसती बसून राहिले होते. तुम्हालाही तुमची अशी जागा आठवत असेल.

हे योगायोगाने झालेलं नाही. लेखक रॉबर्ट जॉर्डन यांनी ही मालिका परत वाचणाऱ्यासाठीच विणली आहे, असं माझं ठाम मत आहे. पाचव्या खंडात, १९९३ साली, एक खून होतो आणि खुनी कोण ते सांगितलेलंच नाही. वाचक सतरा वर्षं मागची पानं चाळत राहिले, आणि २०१० मध्ये तेराव्या खंडात त्याचं उत्तर आलं, तेही शेवटच्या शब्दसूचीत सुद्धा छापून! लेखकाचा भरवसा बघा वाचकावर. शिवाय ही मालिका निघालीच अशी, की परत वाचल्यावाचून गत्यंतर नव्हतं. पहिला खंड १९९० चा, शेवटचा २०१३ चा. दोन खंडांमध्ये कधी एक वर्ष, कधी चार. एवढ्यात शेकडो पात्रांची नावं कोणाच्या लक्षात राहणार? म्हणून नवा खंड यायचा म्हटला की लोक पहिल्यापासून सुरुवात करत. तुमचा पहिला खंड नवव्यापेक्षा जास्त फाटला आहे असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण हेच.

आणि चौदाही खंडांचं पहिलं प्रकरण एकाच धर्तीवर उघडतं. कालचक्र फिरतंय, युगं येतायत आणि जातायत, आणि कुठेतरी वारा सुटतो. जागा तेवढी बदलते. त्या वाऱ्यामागून आपण डोंगर, नद्या, ओसाड शेतं ओलांडत पहिल्या माणसापाशी पोहोचतो. युगांच्या फेऱ्याची ही कल्पना जॉर्डन यांनी आपल्याकडच्या आणि इतरही परंपरांमधून उचलली, त्यांची युगं मात्र सात आहेत. मला ती सुरुवात वाचताना पोथीच्या आधीचं नमन आठवतं. शब्द पाठ असतात, पण ते म्हटल्याशिवाय बैठक जमत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पळवाटीचा. हा शब्द कुणी वापरला की मला विचारावंसं वाटतं, पळून गेलात ते कुठे? जॉर्डन व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टरमधून मशीनगन चालवणारा सैनिक म्हणून दोन वेळा तैनात होते. त्यांचा नायक आपल्यामुळे मेलेल्या बायकांची नावं मनात यादीसारखी म्हणत राहतो आणि त्या ओझ्याखाली दगडासारखा होत जातो. हे लिहिणारा माणूस वाचकाला लढाई विसरायला शिकवत होता, असं मला वाटत नाही. आयुष्यातलं जे सरळ बघवत नाही ते बघायला कधीकधी एक लांबचा मुलूख लागतो. आपल्याकडे कुरुक्षेत्राने तेच काम केलं.

पण पळवाट असूच शकत नाही असंही मी म्हणणार नाही. ते ओळखायला मी एक साधी खूण वापरते, पुस्तक मिटल्यावर तुम्ही कसे असता? वाचून उठल्यावर कुणाला तरी काही सांगावंसं वाटतं, सकाळी डोकं हलकं असतं, तर काळजी नको. मिटल्यावर चिडचिड होते, समोरचं माणूस नकोसं वाटतं, किंवा ठरावीक चार प्रसंगच चाळले जातात आणि तेही आता पोहोचत नाहीत, तर मन थकलं आहे. झोप उडाली असेल, कामात लक्ष नसेल, कशातच गोडी उरली नसेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. त्यात पुस्तकाचा दोष नसतो आणि पुस्तक बंद करून ते बरंही होत नाही. तुमच्या पत्रात मला तसं दिसलं नाही. दिसला तो एक दमलेला माणूस. त्याला रात्री अकरानंतर पहिल्यांदा स्वतःचा वेळ मिळतो.

'माझं वाचन खुंटलंय का' असं तुम्ही विचारलंत, त्यावर मी तुम्हाला उलट विचारते. १९९७ मध्ये तुम्ही पहिला खंड वाचला तेव्हा ती जखमी टॅमची रात्र आठवते? शेतावरच्या घरावर हल्ला होतो, टॅमला वार लागतो, आणि रँड बापाला ओढगाडीसारख्या डोलीवर घालून अंधारातून, झाडीतून गावाकडे ओढत नेतो. टॅम तापात बरळतोय. एकोणिसाव्या वर्षी तुम्ही नक्की रँडच्या बाजूने ओढत होता. हातांना फोड, मागे पावलांचे आवाज, आणि बापाच्या तोंडून नको ते ऐकू येतंय. आज तुम्हाला १५ वर्षांचा मुलगा आहे. आज ते प्रकरण उघडा आणि बघा, तुम्ही कुणाच्या जागी आहात. डोलीवर पडलेला तो शेतकरी, ज्याने एक गोष्ट मुलापासून इतकी वर्षं मायेने झाकून ठेवली आणि जी आता तापात त्याच्या तोंडून निसटतेय. पुस्तकातलं एक अक्षर बदललेलं नाही. हे 'पुन्हा तेच' नाही, आणि तुमच्या मुलाला हेच सांगता येईल.

आठव्यापासून दहाव्या खंडापर्यंतचं रेंगाळणं मात्र मी झाकणार नाही. दहावा खंड तर जागचा हलत नाही. तुमच्यासारख्यांनी त्यासाठी दोन वर्षं वाट पाहिली होती, राग येणारच. सलग वाचताना तो टोचतो कमी, पण तरीही टोचतो. परत वाचायचं म्हणजे एकेक ओळ वाचलीच पाहिजे, असा काही नेम नाही. पोथीचा असतो, या पुस्तकांचा नाही. कंटाळा आला तर खुशाल पानं ओलांडा. असंच एखादं लांबलचक पुस्तक पुन्हा हाती घेणाऱ्या सगळ्यांनाच मी सुचवेन, की एक वेळ एकच धागा धरून वाचून बघा. एका पात्राच्या मागे जा, शक्यतो आधी न आवडलेल्या. मी दुसऱ्यांदा नायनीवच्या मागे गेले. पहिल्या वेळी तिच्या रागाचा मला वीट आला होता, दुसऱ्या वेळी त्या रागाखालची भीती दिसली.

कपाटातल्या मराठी पुस्तकांचं काय? ती औषधासारखी घेऊ नका. न वाचलेल्या पुस्तकांच्या रांगेपुढे अपराधी वाटून कुणी चांगला वाचक झालेला मी पाहिला नाही. पण ती तुम्ही हौसेने आणली होती, हेही खरं. त्यातलं सगळ्यात बारीक एक काढून उशाशी ठेवा. एक खंड संपला आणि पुढचा उचलायच्या आधी दोन दिवस गेले, तर त्या दोन दिवसांत ते उघडा. नाहीच उघडलं गेलं, तर राहू दे.

आता बायकोचं. तिचं वाक्य तुम्ही पुस्तकाविरुद्धची तक्रार म्हणून लिहिलंय. मला ते तसं ऐकू आलं नाही. ती म्हणते तुम्ही घरात असून नाही. म्हणजे तुम्ही तिला हवे आहात. आठ महिने तिला दिसतेय ती दिव्याच्या उजेडातली तुमची पाठ. पंचवीसहून अधिक वर्षं जी गोष्ट तुमच्या डोक्यात घर करून आहे, ती तुम्ही तिला कधी सांगितली आहे का? पत्रात तसा उल्लेख नाही. ती इंग्रजी कादंबऱ्या वाचत नाही, एवढंच लिहिलंय. अहो, आजीच्या भोवती बसणाऱ्या बायकांपैकी दोघींना अक्षरओळख नव्हती! पारायणाला ऐकणारं माणूस लागतं. जेवणानंतर पंधरा मिनिटं तिला गोष्ट सांगा, मराठीत, तुमच्या शब्दांत, बेलापासून सुरुवात करून. मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून तिथेच बसलेला असेल. बसू दे. त्याने या मालिकेवरचा टीव्ही शो पाहिलाय असं तुम्ही म्हणता. तो तीन सीझननंतर २०२५ मध्ये बंद झाला, म्हणजे गोष्ट त्याच्यासाठी अर्धवटच राहिली आहे. त्याच्या पुढ्यात चौदा खंड ठेवू नका, पळून जाईल. त्याला काही चुकीचं सांगितलंत असं वाटलं की तो आपणहून तोंड उघडेल.

आणि दिवा अकराला बंद करा. वाचन थांबवायला नको, त्याची वेळ बदला. चाकणला जायला-यायला कंपनीच्या बसमध्ये तुमचे रोज दोन तास जातात. या मालिकेची ऑडिओबुकं मायकेल क्रेमर आणि केट रीडिंग या नवरा-बायकोने वाचली आहेत. पुरुष पात्रांच्या नजरेतली प्रकरणं तो वाचतो, स्त्रियांच्या नजरेतली ती. डोळे मिटून ऐका. जे डोळ्यांनी वाचताना धावत ओलांडलं होतं, ते कानांनी ऐकताना थांबवून ठेवतं. चाळीस लाखांहून अधिक शब्द आहेत, पुणे-चाकण रस्त्यालाही पुरून उरतील.

आता ती गोष्ट, जी मला दुसऱ्या वाचनात दिसली.

तुमच्या पत्रात बायकोबद्दल चार ओळी आहेत, मुलाबद्दल तीन, नोकरीबद्दल एक. मित्राबद्दल दीड पान आहे. होस्टेलच्या खोलीत एकच पंखा होता आणि तो त्याच्या कॉटवर होता, हेही तुम्ही लिहिलंय. नंतर तुम्ही दोन, चार, सहा, आठ हे खंड नव्याने विकत घेतलेत, त्यांची मुखपृष्ठं वेगळी आहेत, त्यामुळे कपाटात एक जुना, एक नवा अशी रांग दिसते, हेही लिहिलंय. आणि पाचव्यांदा वाचायला कधी घेतलीत? तुमच्याच पत्रात आहे. कॉलेजच्या बॅचला पंचवीस वर्षं होत आल्याचा मेसेज ग्रुपवर आला, त्या आठवड्यात. त्यात त्याचं नाव नव्हतं.

जॉर्डन २००७ मध्ये गेले तेव्हा शेवटचं पुस्तक अर्धं राहिलं होतं. आजारपणातही त्यांनी टिपणं करून ठेवली, अगदी शेवटचा प्रसंग लिहून ठेवला. त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल याच त्यांच्या संपादक. पुढचं लिहायला त्यांनी ब्रँडन सँडरसन यांना निवडलं, कारण जॉर्डन गेल्यावर सँडरसन यांनी लिहिलेला श्रद्धांजलीचा मजकूर त्यांच्या वाचनात आला होता. पोरवयापासून ही मालिका वाचत आलेला तो एक वाचक. लिहायला बसण्याआधी त्याने पहिल्या खंडापासून सगळं परत वाचून काढलं. म्हणजे तुमच्या हातातले शेवटचे तीन खंड आहेत ते दोघांच्या एकाच प्रेमामुळे, आणि ते दोघं एकमेकांना कधी भेटले नव्हते. तुम्ही दोघं तर एका पंख्याखाली चार वर्षं झोपलात.

तुम्ही विचारलंत, बंद करावं का. नको. पण मला वाटतं, तुम्हाला जे परत हवंय त्यातलं निम्मं पुस्तकात नाही, ते न्यू जर्सीत आहे. सहा वर्षांत काय काय झालं, का बोललो नाही, याचा खुलासा करत बसू नका. लांब मेसेज लिहायला घेतलात तर तो पाठवला जाणार नाही, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते. कपाटातल्या त्या रांगेचा एक फोटो काढा, एक जुना, एक नवा, एक जुना, एक नवा. खाली एवढंच लिहा: 'विषम अजून माझ्याकडे आहेत. सम तुझ्याकडे आहेत का?'